गॅरेजमधला कूलर

मी निवृत्त झालो त्याच वर्षी मुलगा गाडी घेऊन पुण्याला गेला आणि आमचं गॅरेज रिकामं झालं. रिकामं गॅरेज बघून माझी जुनी हौस जागी झाली. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण लहानपणापासून मला सुतारकाम करायचं होतं. यवतमाळात लोहाऱ्याच्या रस्त्याला आमचं घर. गॅरेज म्हणजे तीन भिंती, पुढं शटर आणि वर टिनाचं छप्पर. जुन्या दाराची फळी टाकून मी काम करायचं टेबल केलं, करवत, रंधा, पटाश्या भिंतीला टांगल्या. मार्चमध्येच कळलं की आपण वर्कशॉप नाही, भट्टी लावली आहे.

मग टिनाला वरून चुना मारला. नेरच्या एका मित्राच्या शेतातून तुरीच्या वाळक्या तुराट्या आणून छपरावर जाड अंथरल्या आणि सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर पाणी मारत बसलो. फरक पडला, नाही असं नाही. पण बारा वाजले की करवत हातात धरवत नसे, आणि घामाच्या थेंबांनी फळीवरच्या पेन्सिलीच्या खुणा पुसल्या जात. राग तसा माझ्या नाकावरच असतो, उन्हाळ्यात तो तिथून हलतच नाही.

घाईचं कारणही होतं. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि खाली बसायची मनाई होती. चाळीस वर्षं रोज पाटावर बसून पूजा करणारी बाई आता खुर्चीत बसून माझी पूजा बघायची. मी चुकायचो.

"अहो, बाळकृष्णाले पालथं कायले ठेवलं?" एवढंच म्हणायची आणि गप्प व्हायची. ते गप्प होणं मला सहन होत नसे. म्हणून ठरवलं, खुर्चीत बसून हात पुरेल अशा उंचीचं सागवानी देवघर करायचं. अक्षय्य तृतीयेला तिनं स्वतःच्या हातानं पूजा करायची.

मी घामाघूम होऊन पाणी प्यायला घरात आलो की ती माझ्याकडे बघायची. एक दिवस मधल्या खोलीतल्या मोठ्या कूलरकडे बोट दाखवून म्हणाली, "घेऊन जा न तो तिकडं. त्याच्या वाऱ्यानं माहा दिवा विझते. मले पंखा पुरते."

मी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी कूलर गॅरेजात.

मग काय विचारता! ताज्या वाळ्याचा वास, अंगावर गार वारा, हाताखाली सागवान. मी दिवसभर तिथंच. गल्लीतले मिस्त्रीचाचा रोज चहाला यायचे. आयुष्यभर त्यांनी दारं-खिडक्या केल्या, आता हात थरथरतात म्हणून नुसतं सांगतात. कूलर बघून म्हणाले, "सर, लाकडाले पाणी पाजून राह्यले तुमी. ओल्या हवेत फळी फुगते. मागची फळी चारी बाजूनं पक्की करू नोका, तिले सरकायले जागा ठेवा."

मी त्यांना उष्णतेनं प्रसरण आणि थंडीनं आकुंचन हा आठवीचा धडा ऐकवला. चाचांनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि गेले. मी ती फळी सरस लावून, वर स्क्रू मारून चारी बाजूंनी आवळली.

अक्षय्य तृतीयेला देवघर मधल्या खोलीत मांडलं आणि तिनं खुर्चीत बसून एकेक देव धुतला, पुसला, जागेवर ठेवला. बाळकृष्णाला जरा जास्त वेळ हातात धरलं.

चौथ्या दिवशी दुपारी मी गॅरेजात होतो आणि घरातून काडकन आवाज आला. धावत गेलो. देवघराची मागची फळी वरपासून खालपर्यंत तडकली होती, फटीत बोट जाईल एवढी. मी लाकूडवाल्याला शिव्या घातल्या, सागवानाला घातल्या, स्वतःला घालायच्या तेवढ्या राहिल्या. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, पण ते कबूल कोण करणार? चाचांना बोलावलं.

"मी सांगितलं होतं" असं ते म्हणाले नाहीत. फटीवरून बोट फिरवलं, गमछ्यानं मान पुसली. "तिकडं ओल्या हवेत केलं, इकडं कोरड्या भट्टीत ठेवलं. आक्रसायले जागा नव्हती, तडकलं." मग खुर्चीकडे बघून हळूच विचारलं, "भाभी दिवसभर इथंच बसून राह्यतात का?"

"मले सवय हाय," ती म्हणाली.

तेव्हा मी खोली बघितली. तिच्या मानेभोवती ओला नॅपकिन होता. खुर्चीजवळ पाण्याची बादली, पाय तिच्यात. खिडकीवर ओली साडी. ती साडी मी महिनाभर तिथं बघत होतो आणि वाळत घातली आहे असं समजत होतो. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला लाकडानं तडकून दाखवावं लागलं की या खोलीत राहवत नाही. मला फार लाज वाटली.

कूलर त्याच संध्याकाळी जागेवर आला. फळी बदलू का विचारलं, तर म्हणाली, "बसले देव उठवू नका आता." दिवा विझू नये म्हणून मी जुन्या खिडकीच्या काचांची त्याला पेटी केली. पहाटे पाच ते नऊ गॅरेज, नंतर कुलूप.

कूलर परत लावला त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती खुर्चीतच झोपली. चार वाजले, पाच वाजले, ती मंद घोरतच होती. मी शेजारी बसून होतो. खिडकीवरची साडी खडखडीत वाळली होती. ती काढली, घडी घातली आणि पुन्हा येऊन बसलो. ही किती दिवसांची झोप होती, ते तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.