बेबीआत्याची तपासणी

माझी बेबीआत्या व्हिडिओ गेमबद्दल बोलायला लागली की नवख्या माणसाला वाटायचं, ही शेजारच्या बिऱ्हाडांबद्दल बोलते आहे. "तो लालवाला आहे ना, तो सरळ अंगावर येतो. त्याचा मला राग नाही, निदान समोरून येतो. गुलाबी मात्र आतल्या गाठीचा. मागे लागतच नाही. आपण जिथे जाणार तिथे आधीच जाऊन उभा. आणि तो नारिंगी म्हणजे आमचे बाळूकाका. तावातावाने भांडायला येणार आणि जवळ आला की घाबरून परत." हे सगळं चार भुतांबद्दल असायचं. त्यांच्या मधून एक पिवळं तोंड ठिपके खात पळायचं. त्या तोंडाबद्दलही तिचं मत बरं नव्हतं. ती म्हणायची, "खादाड आहे. पोट भरलं तरी थांबायचं कळत नाही."

बेबीआत्या ही माझ्या बाबांची धाकटी बहीण. चाळिशी उलटून गेली तरी सगळ्यांना ती बेबीच होती. टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात वायरी, आणि दिवसभर इकडच्या माणसाचं बोलणं तिकडच्या माणसाला जोडून द्यायचं. आजोबांची गिरणी सुटली तेव्हा घरात कमावणारी ती एकटीच होती. तिच्या पगारावर बाबा इंजिनीअर झाले, त्यांच्यामागून काका झाला, आणि तिच्या लग्नाचं बघायला कुणी मोकळं झालं तेव्हा ती स्वतःच नको म्हणाली. मग ती बोरिवलीला आमच्याकडे राहायला आली. तेव्हापासून "बेबी, तू मोकळीच आहेस ना" हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा ऐकू यायचं की भिंतींनाही पाठ झालं असेल. गॅसचा नंबर लावायला बेबी, पाहुण्यांना स्टेशनवर आणायला बेबी. शेजारीपाजारी तर जिन्यातच गाठायचे. नागपूरचा कॉल जरा लवकर लागेल का, मुलगी पहिलटकरीण आहे.

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक दुकान होतं. मालकी सोसायटीची, भाडेकरू दिनेशभाई. आधी तिथे ब्लाउजपीस, फॉल आणि दोऱ्यांची रिळं मिळायची. तो धंदा काही चालला नाही, तेव्हा दिनेशभाईंनी एक दिवस कपाटं काढून व्हिडिओ गेमची यंत्रं आणली. उन्हाने यंत्रांच्या काचेवर काही दिसेना, म्हणून उरलेल्या जांभळ्या कापडाचा जाड पडदा शिवून दारावर टाकला. यंत्रांबद्दल कुणाची फारशी तक्रार नव्हती. सगळा घोटाळा त्या पडद्याने केला. पडद्यामागून कुईंकुईं आवाज येत, शाळकरी पोरं लाल चेहऱ्याने बाहेर पडत, आणि आत नक्की काय चालतं हे कुणालाच दिसत नसे. महिन्याभरात सोसायटीत अशा कथा पसरल्या की दिनेशभाईंनी त्या ऐकल्या असत्या तर तेच पोलिसात गेले असते.

बाबा सोसायटीचे चेअरमन. कमिटीने ठरवलं की कुणीतरी जबाबदार माणसाने आत जाऊन तपासणी करावी. देशपांडेकाकूंचा मुलगा चाचणीत नापास झालेला, त्यामुळे त्यांना घाई होती. पण पुरुषांनी त्या पडद्याआड जाणं बरं दिसत नव्हतं आणि बायकांना जायची हिंमत नव्हती. शेवटी कुणीतरी म्हणालं, बेबीताई सरकारी नोकरीत आहेत, आणि तशा मोकळ्याच असतात. सोबतीला मला दिलं. मी तेव्हा कॉलेजात होते.

आत गेल्यावर आत्याने पदर खोचून आधी सगळी यंत्रं फिरून पाहिली. दिनेशभाई बिचारे घाबरून म्हणाले, "बेबीबेन, तुम्हीच एकदा खेळून बघा ना. काय खराब वाटला तर मी उद्या बंद करतो." जुन्या दुकानातलं गिऱ्हाइकांचं स्टूल त्यांनी पुढे सरकवलं. आत्या बसली. बोर्डावर वायरी जोडण्याची सवय असलेले तिचे हात पहिल्या डावात गोंधळले, दुसऱ्या डावात जरा सावरले, आणि तिसऱ्या डावात माझी आत्या चक्क मालवणीवर आली. "मेल्या, खंय पळतंस?" असं ती एका भुताला म्हणाली तेव्हा शेजारच्या यंत्रावरच्या पोराचा डाव गेला. घरी बाबांनी विचारलं, काय पाहिलंस? ती म्हणाली, "एका दिवसात काय कळणार? तपासणी चालू आहे."

ती तपासणी पुढे वर्षभर चालली. सकाळची पाळी करून आत्या दुपारी यायची, घरी जाण्याआधी तासभर पडद्याआड शिरायची, आणि कुणाला संशय नको म्हणून दिनेशभाईंच्या कोपऱ्यात उरलेल्या जुन्या रॅकवरून दोऱ्याचं एक रीळ घेऊन बाहेर पडायची. आमच्या घरात मोरपंखी, डाळिंबी, शेवाळी अशा सगळ्या रंगांची रिळं साठली. शिवणारं मात्र घरात कुणीच नव्हतं. आई ती रिळं एका डब्यात भरत गेली.

मला तिची मतं ऐकायला फार आवडायचं. एका खेळात एक माकड बाईला पळवून वर नेऊन ठेवतं आणि खालून एक बुटका तिला सोडवायला शिड्या चढतो. आत्याला माकडाचा राग नव्हता, बाईचा होता. "समोर शिड्या आहेत. उतर की. नुसती हात काय हलवतेस?" बेडकाला गाड्यांमधून रस्ता ओलांडायला लावायचा खेळ तिने एकदाच खेळला, कारण रोज हायवे ओलांडून बसस्टॉपला जाणाऱ्या बाईने पैसे देऊन पुन्हा तेच का करायचं, असं तिचं म्हणणं होतं. वरून रांगेने उतरणारे परग्रहावरचे प्राणी जितके कमी होतील तितके जोरात पळत. हे तिला अजिबात पटलं नाही. तिच्या खात्यात माणसं कमी झाली की काम हळू व्हायचं. विटांची भिंत फोडायचा खेळ मात्र तिच्या मर्जीतला. एकदा का भिंतीला भोक पडून चेंडू वरच्या बाजूला गेला की तो एकटाच खुडबुडत विटा फोडत राहतो. "असा शिपाई आमच्या ऑफिसात पाहिजे," ती म्हणायची.

पण तिचा खरा जीव दोन विमानांच्या खेळावर. त्यात शत्रू आपलं एक विमान ओढून नेतो, आणि नेम चांगला असेल तर ते सोडवून आणता येतं. मग आपली दोन विमानं शेजारी शेजारी उडतात. मात्र त्यासाठी आधी आपलं एक विमान मुद्दाम जाऊ द्यावं लागतं. पोरांना ते धाडस होत नसे. आत्या शांतपणे जाऊ द्यायची आणि परत आणायची. मी एकदा तिला विचारलं, तुला इथे एवढं काय आवडतं? ती काचेवरची नजर न काढता म्हणाली, "इथे मला कुणी हॅलो म्हणत नाही गं. दिवसातला हा एक तास माझा आहे." ते ऐकून मी ओशाळले, कारण तिला कामं सांगणाऱ्यांत मीही असायचेच.

मग दुकानाचा भाडेकरार संपत आला. नवा करायचा की दिनेशभाईंना काढायचं, हे ठरवायला रविवारी गच्चीवर मीटिंग भरली. सतरंज्या, भाड्याच्या खुर्च्या, कोपऱ्यात झाकून ठेवलेले सामोसे. देशपांडेकाकूंनी सगळ्यांसमोर तपासणीचा अहवाल मागितला. मी आत्याकडे पाहिलं. खरं बोलली तर उद्यापासून सोसायटीत हसं होणार, आणि चेअरमनची बहीण म्हणून बाबांचंही. गप्प बसली तर तो एक तास जाणार.

आत्या उठली. आधी तिने सगळ्या खेळांबद्दल सांगितलं. माकड, बेडूक, भुतं, भिंत, सगळं, आणि लोक हसायला लागले. मग ती म्हणाली की शाळेच्या गणवेशात कुणाला आत घेऊ नये आणि परीक्षेच्या दिवसांत शटर खाली असावं. दिनेशभाईंना हे कबूल आहे, तिने विचारून ठेवलं होतं. आणि शेवटी म्हणाली, "हे सगळं मला माहीत आहे, कारण मी रोज तिथे खेळते."

देशपांडेकाकूंनी डोक्याला हात लावला. बाबांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "बेबी, पण त्यात तुला मिळतं काय?"

"काही नाही, दादा. बाकी सगळीकडे मी काही ना काही करायला जाते. तिथे नुसती जाते."

हात वर झाले. मोजले तर दोन्ही बाजूंना सारखेच भरले. अशा वेळी चेअरमनचं मत निर्णायक असतं. बाबा पाण्याच्या टाकीकडे बघत म्हणाले, करार नवा करावा. सामोसे वाटले जात असताना ते आत्याजवळ आले. "आता निदान ती रिळं आणणं बंद कर. डब्यात जागा नाही."

त्यानंतर आत्या जांभळा पडदा बाजूला सारून राजरोस आत जाऊ लागली. देशपांडेकाकू एकदा मुलाला शोधायला म्हणून आत आल्या आणि विटांच्या भिंतीसमोर अर्धा तास बसल्या.

ऐंशीचं दशक संपायला आलं तसं मात्र सगळंच बदललं. पोरांना घरच्या टीव्हीला जोडायचे खेळ मिळाले. दुकानात माणूस दिसेना, आणि दिनेशभाईंनी यंत्रं विकून तिथे एसटीडीचं पिवळं बूथ टाकायचं ठरवलं. तोवर लोक नागपूरला स्वतःच नंबर फिरवू लागले होते. आत्याच्या ऑफिसातले बोर्ड निघाले होते आणि तिला बिलांच्या विभागात बसवलं होतं. बूथचं ऐकून ती खूप हसली. म्हणाली, "तिकडे या एसटीडीने माझं काम नेलं ते नेलं, इकडेही माझ्या आधी येऊन उभा. तो गुलाबी गं."

शेवटच्या दिवशी ती खाली निघाली तेव्हा बाबांनी चपला घातल्या. मीही गेले. आत्या दोन विमानांवर बसली आणि बाबा मागे हाताची घडी घालून उभे राहिले. डाव रंगात आला होता. एक विमान फुटून खाली कोपऱ्यात राखीव एकच उरलं, तेव्हा ती अचानक स्टुलावरून उठली.

"दादा, बस. एक शिल्लक आहे."

"मला कुठे येतंय? फुकट जाईल तुझं."

"माझंच आहे. जाऊ दे फुकट."

बाबा बसले. त्यांना दांडा कुठे वळवायचा तेही कळेना. आत्याने मागून त्यांचा हात धरला, तरी क्षणभरात विमान फुटलं. बाबा तसेच काचेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझं सगळं असंच गेलं, बेबी. आमच्यापायी."

आत्या हसली. "तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, दादा. हे मी आपणहून दिलं."

दिनेशभाईंनी मेन स्विच बंद केला. बाहेर पडताना बाबा त्या जुन्या रॅकपाशी थांबले आणि तिथे उरलेलं एक रीळ त्यांनी उचललं. वर आल्यावर आईने ते हातात घेऊन विचारलं, हे आता कशाला? बाबांनी चपला नीट जागेवर ठेवल्या.

"तपासणीला गेलो होतो," ते म्हणाले.