संघाच्या जीपचा धूर

बहात्तरच्या दुष्काळात माझी नेमणूक ईट गावाजवळच्या एका खडीच्या कामावर झाली. मी पंचवीस वर्षांची नर्स होते. उघड्या माळावर शेकडो माणसं दिवसभर दगड फोडायची. त्यांच्यासाठी तट्ट्याचा एक दवाखाना उभा केला होता. त्यात एक टेबल, दोन खाटा, औषधांची पेटी आणि मी. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. अडलेली बाळंतीण किंवा डोळ्यात कपची गेलेला माणूस तालुक्याला न्यायचा, तर एकच वाहन होतं, ते म्हणजे एका सहकारी संघानं कामापुरती दिलेली जुनी जीप. संघाच्या चेअरमननं बॉनेटला हार घालून, चार शब्द बोलून ती आमच्या हवाली केली होती.

जीपचे ड्रायव्हर उमरग्याकडचे होते. वय पन्नाशीच्या पुढं, कपाळावर भस्माचे पट्टे, घरी कानडी आणि आमच्याशी मराठी. मी त्यांना मामा म्हणायचे. ते मला शिष्टरबाई म्हणायचे.

पहिला महिना जीप बरी चालली. मग तिचा आवाज बदलला. सकाळी चालू केली की पुढून टक टक असा कोरडा आवाज यायचा, आणि चढाला लागली की ती फडफडायची. मागच्या बाजूला पायाखालचा पत्रा इतका तापायचा की माझ्या चपलेचा रबरी तळ त्याला चिकटला. मी मामांना विचारलं.

"उन्हाळा हाय, शिष्टरबाई. पत्रा तापणारच," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

सकाळी आठ वाजता कसला उन्हाळा, हे मी तेव्हा विचारलं नाही. ती माझी चूक होती.

त्याच आठवड्यात खडी फोडता फोडता एका पोरसवदा बाईला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण होती आणि मूल आडवं वाटत होतं. तिला आणि तिच्या सासूला घेऊन मी जीपमध्ये मागं बसले. रस्त्याचा फुफाटा आत येऊ नये म्हणून आम्ही ताडपत्रीचे पडदे चारी बाजूंनी बांधून घेतले. अर्ध्या तासात सासूला उलटी झाली. बाईची मान एका बाजूला पडायला लागली. मी नाडी धरली तर ती पळत होती, आणि हाक मारली तर बाई "झोपू द्या" एवढंच म्हणत होती. कळा देणारी बाई झोप मागत नाही. माझंही कपाळ ठणकत होतं आणि पत्र्याच्या फटीतून जळका वास येत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं, गाडीचा धूर आत कोंडतोय. मी कात्रीनं पडद्यांच्या दोऱ्या कापल्या आणि मामांना ओरडून गाडी थांबवायला लावली. बाईला खाली, बाभळीच्या सावलीत वाऱ्याला निजवलं. थोड्या वेळानं ती डोळे उघडून पाणी मागायला लागली. पुढचा सगळा रस्ता आम्ही धूळ खात, उघड्या गाडीत काढला. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला सोडवलं. मुलगी झाली, दोघी वाचल्या.

परत आल्यावर मी दवाखान्याच्या वहीत लिहिलं, 'जीप रुग्ण नेण्यास अयोग्य. धूर आत येतो.' खाली सही केली आणि त्याची नक्कल तालुक्याला पाठवली.

तिसऱ्या दिवशी चेअरमन आले. पांढरं धोतर, काळा कोट. बरोबर मुकादम. तट्ट्याच्या दारातच उभे राहिले.

"बाई, संघानं गाडी दिली आणि तुमी तिच्यावर शेरा मारता?"

"गाडीत बसून माणसं बेशुद्ध पडत असतील तर मारावा लागतो."

"आमच्या मेकॅनिकनं आवाज ऐकलाय. इंजिन गेलंय म्हणतो. उघडायला दोन महिने लागतील. मग बाळंतिणी काय खांद्यावर न्यायच्या? हाय तशी चालू द्या. तुमी सुया टोचायचं बघा."

"इंजिन गेलेलं नाही," मी म्हणाले. "धूर शेपटीच्या नळीतून बाहेर पडायच्या आधीच मधे फुटतोय."

ते हसले. मुकादमही हसला. "हे तुमाला कुणी शिकिवलं?"

माझे वडील रेल्वेत फिटर होते. आमच्या घरानं धम्म स्वीकारला त्या वर्षापासून त्यांनी आम्हा बहिणींना एक गोष्ट सक्त सांगितली होती, की येत असेल ते येतं म्हणायचं, मान खाली घालून नाही म्हणायचं नाही. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा ते लोखंडी सळईचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून मला ऐकवायचे. आतून ठोका आला तर आवाज जड असतो, तो सळईतून हाताला कळतो. वाफ किंवा धूर फुटला तर आवाज हलका, कोरडा. हे मी चेअरमनना सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी गाडी थंड असताना या. दाखवते. खोटं निघालं तर शेरा खोडते."

दुसऱ्या दिवशी खडीवरची निम्मी माणसं हातोडे टाकून बघायला आली. नर्सबाई गाडी दुरुस्त करणार ही बातमी मजुरांना सुकडीचा खुराक वाटायच्या रांगेत रात्रीच्या आत पसरली होती. मी पांढऱ्या साडीचा पदर खोचला, खाली पोतं अंथरलं आणि जीपखाली शिरले. लोक कुजबुजले. मला ऐकू येत होतं. मी सावकाश शिरले, घाई केली नाही.

मामांनी गाडी चालू केली. आधी मी शेपटीच्या नळीमागं हात धरला. फुंकर अगदी मंद होती. एवढं इंजिन धडधडतंय आणि नळी श्वास सोडत नाही, म्हणजे कुठंतरी दाबलेली. मग मी स्टेथोस्कोपची चकती काढून टाकली, नळ्या कानात ठेवल्या आणि रबराचं मोकळं टोक इंजिनाच्या बाजूनं, धूर निघतो त्या चार जोडांवरून फिरवलं. तीन ठिकाणी काही नाही. चौथ्या, सगळ्यात मागच्या जोडाशी कानात फट् फट् फट्. तिथं काजळीचा काळा पंखा उमटला होता आणि एक नट नव्हताच. पत्र्याखाली, सायलेन्सरच्या तोंडाशी दुसरी फट होती. तिथून निघालेला गरम धूर सरळ आमच्या पायाखाली लागत होता.

मी बाहेर आले. स्टेथोस्कोप चेअरमनपुढं धरला. "ऐका."

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं, कानातून काढलेल्या टोकांकडं बघितलं, आणि हात मागं बांधून घेतले. का ते मला माहीत होतं. जमलेल्या माणसांनाही माहीत होतं. मी हात मागं घेतला नाही. तसाच धरून उभी राहिले.

मग मामा पुढं आले. त्यांनी माझ्या हातून नळी घेतली, टोकं आपल्या कानात घातली आणि वाकून ऐकलं. बराच वेळ ऐकत राहिले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"शिष्टरबाईंचं खरं हाय," ते म्हणाले. "इंजिनाला काय बी झालं न्हाय. नदीच्या पात्रात म्या गाडी दगडावर आपटली. मागची नळी चेपली. नोकरी जाईल म्हणून बोललो न्हाय. धूर तुंबला आन् जोड फुटले."

चेअरमन म्हणाले, "आजपासून तुमी घरी बसा."

"मग आज गाडी कोण नीट करणार?" मी विचारलं. "आणि यांना काढलंत, तर आज काय काय झालं ते सगळं मी त्याच वहीत लिहीन. नळी कुणी कानाला लावली आणि कुणी नाही, तेसुद्धा."

चेअरमन वळले. मुकादमाला घेऊन निघून गेले.

टिकावांना धार लावायला कामावर लोहाराची भट्टी होती. लोहारानं चेपलेली नळी लाल केली, आत सळई घालून ठोकून गोल केली. विहिरी आटल्यामुळं गावातली पाण्याची ऑइल इंजिनं बंदच होती. एका इंजिनाच्या हत्यारपेटीतून मामांनी ॲस्बेस्टॉसचा पातळ पत्रा आणला. तो मी काजळीच्या जोडावर दाबला, भोकांची काळी छाप उठली, आणि त्या छापेवरून माझ्या बँडेज कापायच्या कात्रीनं जोडात बसवायचं पॅकिंग कापलं; उरलेला तुकडा सायलेन्सरच्या फटीवर बसवला. कात्री गेली ती गेलीच. नट गिरणीवाल्याच्या डब्यात सापडला. दुपारी जीप चालू केली तेव्हा तो टक टक आवाज नव्हता. ताडपत्री बांधून मामांनी मला माळाला तीन फेऱ्या मारून आणलं. मी अनवाणी पाय पत्र्यावर ठेवून बसले होते.

महिन्याभरानं संघाच्या सभेचं वृत्त आलं. 'चेअरमनसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली वाहनाची दुरुस्ती करण्यात आली.' त्यासोबत माझ्या नावानं एक पत्र होतं, की परिचारिकेनं वाहनाच्या यंत्राला हात लावू नये. मामांना मात्र नोकरीवरून कुणी काढलं नाही.

पत्र मी वहीला टाचणीनं लावलं. खाली लिहिलं, 'वाचलं.' त्या सोमवारी सकाळी मामांनी बॉनेट उघडून ठेवलं होतं. मी नळी कानात घातली आणि चारही जोड तपासले. पुढं पाऊस पडून काम बंद होईपर्यंत दर सोमवारी तपासत राहिले, भर उजेडात, सगळ्यांसमोर.