नुसते हात

"मावशी, फ्लेक्सवर लावायला अव्वाचा फोटो द्या," म्हणत नंदाक्काचा मुलगा बसवराज दारात उभा राहिला, तेव्हा तिला जाऊन पुरता दिवसही झाला नव्हता. सकाळी चहा पितापिता गेली ती... डॉक्टर हार्ट अटॅक म्हणाले. मी तिची शेजारीण. ब्लाउज शिवते, आणि तिचे भाकरीचे व्हिडिओही माझ्याच फोनवर निघायचे. ढिगाने होते, पण सगळ्यांत नुसते हात! शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. तो बघून तिची सख्खी बहीण म्हणाली, "ही कोण गं?"

नंदाक्का ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून नवी पेठेतल्या एका दुकानात द्यायची. पापडासारख्या कुरकुरीत, दोन-दोन महिने टिकणाऱ्या. एक दिवस म्हणाली, "सुमन, माझा पण काढ की व्हिडिओ." नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी टिकली आणि हिरव्या बांगड्या तिने सोडल्या नव्हत्या. इरकल नेसून फोनसमोर बसली आणि हसत सुटली. "थापताना घाई करायची न्हाय बगा, भाकरी काय पळून जात न्हाय!"

तो मी नेटवर टाकला, आणि मग खाली लोकांनी लिहायला सुरुवात केली. 'नवरा गेला, आता टिकली कुणासाठी?' 'म्हातारीला अजून हौस!' बाकीचं इथं लिहीत नाही; लिहिणाऱ्या मेल्यांना लाज नव्हती, मला आहे. एकाच्या नावाशेजारी तर लेकीला कडेवर घेतलेला त्याचा स्वतःचा फोटो होता. नंदाक्काने चष्मा लावून एकेक ओळ वाचली. "कपाळ माझं, टिकली माझी. ह्यांच्या बापाचं काय जातंय?" पण बसवराज कामाला होता त्या चिंचोळीच्या कारखान्यात कुणीतरी ते त्याला दाखवलं, सगळ्यांसमोर. पोरगा घरी आला आणि जेवलाच नाही.

"अव्वा, बंद कर ते."

"मी काय चोरी केली व्हय रे?"

माझ्या फोनवरून तिच्या चेहऱ्याचे सगळे व्हिडिओ त्याने पुसायला लावले. शेवटी तडजोड झाली, हातच दाखवायचे. फोन पिठाच्या डब्याला टेकवून खाली कलता ठेवायचो. मग लोक बांगड्यांवर घसरले, तिने शूटिंगपुरत्या काढून ठेवल्या. मग आवाजावर. 'बाई आहे का रेडा?' तेव्हापासून ती बोलायचीच बंद झाली. उरलं नुसतं थप थप, थप थप. आता मात्र लोक वाहवा करायला लागले! हात कुणाचे, ते कुणी विचारलं नाही. एकदा भाकरी उलटताना म्हणाली, "माझं तोंड दिसायला पायजे हुतं गं. नुसत्या हातानं काय कळतंय, कोण हाय ते?" माझा जीव नुसता जळला.

परवा बसवराज आला. तिने शेवटी केलेल्या भाकऱ्या माझ्याकडे डब्यात होत्या; शेंगाचटणी घालून त्याच्यापुढे ठेवल्या. "कुठंच न्हाय का हो अव्वा?" म्हणाला. आणि मला एकदम आठवलं. मी फोन लावून देऊन परत मशीनवर बसायचे, तो बंद करायला तीच फोनवर वाकायची. तेवढा शेवट कापून मी व्हिडिओ टाकायचे. न कापलेले तर फोनमध्येच होते!

लावला. थप थप... आणि अचानक स्क्रीनभर नंदाक्का. नाकावर घाम, कपाळावर टिकली. "दिसलं का गं नीट?"

त्याने तेवढंच कितीदा तरी लावलं. मग डोळे पुसत म्हणाला, "मावशी, हा टाकू?" आणि लगेच, "नको... परत कायतरी लिवतील." आई जाऊनही हे भय काही जात नव्हतं. मला रडू आलं, आणि रागही असा आला म्हणता!

"टाक," मी म्हटलं. "आणि कापू नको."

त्याने टाकला. फोन ताटाशेजारी पालथा ठेवला आणि भाकरीचा तुकडा मोडला. थोड्याच वेळात फोन टिंग करून वाजला, मग पुन्हा वाजला. तो उलटायला आमचा दोघांचाही हात पुढे होईना.