चाकणच्या कार्यक्रमात मी उठले

ये, अशी जवळ बस. तिकडं दाराशी काय टेकलीस पाव्हणी आल्यासारखी? तू मुंबईत आहेस, कळतं मला. पण लिहिताना माणसाला कुठंही बसवता येतं, म्हणून माझ्या कॉटवर बसवलंय तुला. तो फोन ठेव आधी पालथा. दर रविवारी फोन करतेस, "जेवलीस का, गोळी घेतलीस का" विचारतेस, आणि मी पुढं तोंड उघडायच्या आत "चल आजी, नंतर बोलू." ते नंतर काही येत नाही. अशी कशी गं तू? म्हणून शेवटी वही घेतली. शाळा मी बाहेरूनच पाहिलेली, अक्षरं शिकले ती तुझ्या बापाच्या पाटीवरून. तेव्हा चुका काढत बसू नकोस.

तुझ्या पहिल्या टूरचं बोलायचंय. चार ठिकाणं होती, चारही आपल्याच पट्ट्यातली. चिखलीतल्या एका सोसायटीचं क्लबहाऊस, चाकणला मिठाईच्या दुकानावरचा हॉल, पिंपरीतलं एक कॉफीचं दुकान आणि निघोज्याला कंपनीतल्या पोरापोरींच्या होस्टेलची मेस. पोस्टरवर तुझ्या फोटोखाली 'पॉप सिंगर' छापलेलं. तुझा बाप ते पोस्टर बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "घरचं कुणी बरोबर असेल तरच जायचं." त्याची सेकंड शिफ्ट, तुझ्या आईची पण. रिकामी मीच.

गिटारवाला पहिल्याच दिवशी म्हणाला, "आजी, आजपासून तुम्ही आमच्या मॅनेजर."

"पगार काय देणार भावा?"

"वडापाव. चटणी एक्स्ट्रा."

आणि तू मागून ओरडलीस, "तिला तिखट नको देऊ, रात्रभर मला उठवते!"

तुझी स्वतःची अट वेगळीच होती. फक्त माझी गाणी म्हणणार, सिनेमातलं एकही नाही, कुणी कितीही फर्माईश केली तरी नाही. मला हे इतक्यांदा सांगितलंस, की जणू फर्माईश मीच करणार होते.

चिखलीला माणसं आली अकरा. त्यातली तीन टेबल टेनिसचं टेबल कधी मोकळं होतंय याची वाट बघत उभी. मी खुर्च्या ओढून पुढं जवळजवळ लावल्या, म्हणजे तुला भरल्यासारखं दिसावं. मधेच एक बाई म्हणाली, "बेटा, माझ्या मुलाचा वाढदिवस आहे, हॅपी बर्थडे म्हण ना." तू हसून मान हलवलीस आणि आपलंच पुढचं गाणं घेतलंस. परत येताना गाडीत माझा हात धरून म्हणालीस, "अकरा तर अकरा, आजी. पण माझीच गाणी ऐकली ना?" तेव्हा मला कळलं, ही गाण्यापेक्षा त्या अटीला जास्त जपतेय.

मग चाकण. तिथं हॉल भरलेला. कंपन्यांतल्या ट्रेनी पोरी, पोरं, काही तर युनिफॉर्मवरच आलेली. मी भिंतीकडच्या खुर्चीवर. तीन गाणी झाली आणि तू म्हणालीस, हे नवीन आहे, आज पहिल्यांदाच म्हणतेय. डोळे मिटलेस. गाणं होतं कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या एका बाईचं. घरी येते, सँडल काढते, पाय सुजलेले असतात आणि ती पोरीला म्हणते, काही नाही गं, उभ्यानं काम होतं. अगं, ही तर माझी सून! रोज माझ्या डोळ्यांसमोर सँडल काढते ती, आणि मला कधी दिसलं नाही ते तू गाण्यात घातलंस. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

आता माझी बाजू ऐक. आम्ही पिंपरीच्या वस्तीत राहायचो तेव्हा जयंतीला गायनपार्टी यायची. विहारापुढं ताडपत्री टाकलेली, एका अंगाला बाया, एका अंगाला पुरुष. गाणं आत कुठं लागलं, की ऐकणारा उठायचा. गाणं चालू असतानाच स्टेजपाशी जाऊन नोट पुढं करायचा. गायक थांबायचा, नोट घेऊन माईकवरून देणाऱ्याचं नाव सांगायचा आणि तीच ओळ पुन्हा उचलायचा. तुझे आजोबा दर जयंतीला उठायचे. त्यांचं नाव माईकवर आलं की शेजारणी मला कोपरानं ढोसायच्या. बायांतली कुणी उठत नसे. मी पदराच्या गाठीत नोट बांधून न्यायचे आणि तशीच घरी आणायचे. आमच्यात गाणं थांबवणं हाच गाण्याचा मान होता. तुमच्यात गप्प बसणं हा मान आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून उठले. आयुष्यात पहिल्यांदा उठले बघ. पन्नासची नोट हातात धरून पुढं आले. तुझे डोळे मिटलेले. मी उभी राहिले, वाट बघितली, आणि मग तुझ्या कुर्त्याचं टोक ओढलं.

तू दचकलीस. गिटार थांबली. मी नोट धरून उभी, तू नाव घेशील म्हणून. मागून एक जण ओरडला, "आजी, आमची पण द्या!" दुसरा म्हणाला, "ए, दहाचे सुट्टे काढ रे!" मग काय, पोरं नोटा हलवत पुढं यायला लागली, सगळा हॉल हसतोय. तू माईकमध्येच म्हणालीस, "आजी, खाली बस ना गं." त्यावर तर जास्तच हसले. ते गाणं काही परत उभं राहिलं नाही. कुणीतरी सिनेमातल्या गाण्याची फर्माईश केली, सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि तू म्हटलंस. चांगलं म्हटलंस. सगळी पोरं नाचली. एकदाही माझ्याकडं बघितलं नाहीस.

परत येताना गाडी मोशीला आली. मग तू पुढच्या सीटवरून, मान न वळवता म्हणालीस, "पुढच्या वेळी तू नको येऊस."

मी म्हटलं, "बरं."

पण तुझ्या बापाची अट होती ना! मला नको म्हणालीस हे कळलं असतं, तर त्यानं तुझी टूर तिथंच थांबवली असती. म्हणून मी सांगितलं, गुडघा धरलाय, आता ती चार ओळखीच्या माणसांत आहे, जाऊ दे तिला. तो तयार झाला, वर मलमाची ट्यूब घेऊन आला. माझा गुडघा चांगला टुणटुणीत, तरी मी त्याच्यासमोर मलम चोळत बसायचे. पिंपरीच्या दिवशी संध्याकाळी घरात मी एकटी. मला क्रम पाठ होता तुझ्या गाण्यांचा. भाजी निवडता निवडता घड्याळ बघायचे, आता पहिलं संपलं असेल, आता पाणी पीत असेल, बाटलीचं झाकण तिला घट्ट लागतं, कुणी उघडून दिलं असेल का? नवीन गाण्याची वेळ आली आणि मेथीची पानं हातात तशीच राहिली. निघोज्याच्या दिवशीही तेच. तू आलीस, आईला म्हणालीस, "एकही फर्माईश घेतली नाही." मी आत पांघरूण घेऊन पडले होते. खूप आनंद झाला, पण तो सांगायला तू खोलीत आली नाहीस, आणि मला उठवेना. एकदा उठून बघितलं होतं ना.

मग तू मुंबईला गेलीस. आता फोनवर तुला गोळीचं सांगते, पाण्याच्या टाकीचं सांगते. हे राहूनच जातं. मी चुकले गं. तुझी एक संध्याकाळ मोडली मी. पण ते गाणं मला लागलं होतं, आणि मला दुसरं काही करता येत नव्हतं.

तुझा बाप म्हणतो, ते गाणं मोबाईलवर आलंय, लावून देऊ का? मी नको म्हटलं. सँडल काढून ती बाई पोरीशी बोलते, तिथवर मी ऐकलंय. त्याच्या पुढं तिचं काय होतं, ते मला तुझ्याच तोंडून ऐकायचंय. मी खुर्चीवरून हलणार नाही, हवं तर हात तुझ्या आईच्या हातात देऊन बसेन. गुरुवारी तिला सुट्टी असते. या गुरुवारी नाही जमलं तर पुढच्या गुरुवारी, पण ये बाई लवकर.