नटाचं ताट आन् आमची आज्जी

आमची आज्जी आज सकाळी गेली. शंभरीला दोन कमी. आयुष्यात एक दिवस डाएट केलं न्हाय तिनं.

माज्या नवऱ्याची आज्जी ती. चार म्हयन्यामागं तिनं मला एक गोष्ट सांगितलती, ती आज लिहिते. सातवी शिकलेली हाय मी, चुकलं तर सांभाळून घ्या.

तवा माजी लेक दोन म्हयन्याची हुती. बाळंतपणात मी लई सुटलेली. नणंदेचं लगीन तोंडावर, एक ब्लाउज हुईना.

मोबाईलवर एका नटीचा व्हिडिओ बघितला. ती बी बाळंतीण. सकाळी लिंबूपाणी, दुपारी फळं, पाचनंतर काय बी न्हाय. रविवारी चीट डे, मनाला येईल ते खावा.

मी बी चालू केलं. कुणाला न सांगता.

तिसऱ्या आठवड्यात दूध कमी आलं. लेक तोंड लावायची, सोडायची, रडायची. नर्सबाईनं लेकीचं वजन केलं, वाढलेलंच नव्हतं.

तरी सोडलं न्हाय. एवढी मोठी नटी खोटं कशाला सांगंल, असं वाटायचं.

आज्जीनं माज्या ताटाकडं बघितलं, माज्याकडनं नटीचं समदं वदवून घेतलं आन् ईचारलं,
"त्या बाईच्या घरात सैपाक कोण करतंय?"

मी म्हटलं, मला काय ठावं.

"मग ती काय खाती हे तुला कसं ठावं?"

आन् मग सांगितलं.

स्वातंत्र्य मिळायच्या आधीचं. आज्जी अठरा वर्साची, नवी नवरी. बेळगावात एक नाटक कंपनी मुक्कामाला आलती. आज्जी आन् तिची सासू कंपनीच्या माणसांचा सैपाक करायच्या.

कंपनीत बाईचं काम करणारा एक नट हुता. पुरुषच. पण त्यो शालू नेसला की गावातल्या बायका त्याच्यागत नेसायच्या. त्याच्यागत अंबाडा, त्याच्यागत चालणं.

एका सत्काराला त्यो म्हणाला, मी निस्तं दूध-केळं खातो. सोमवारी खेळ नसतो, तवा तेवढं मनासारखं जेवतो.

झालं. चांगल्या चांगल्या घरातल्या बायकांनी दूध-केळं धरलं. सोमवारी एवढ्या पुरणपोळ्या हाणायच्या की मंगळवारी पोट धरून बसायच्या. हे सांगताना आज्जीला हसू आवरंना.

टिळकवाडीत एका वकिलाच्या घरी आज्जी भाकऱ्या थापायला बी जायची. तिथली सून लेकुरवाळी, आन् ती बी दूध-केळ्यावर. अंगावरचं दूध आटलेलं. पोराचा रडून रडून घसा बसलेला.

आज्जीनं तिला सांगितलं, आक्का, त्यो रोज चार भाकऱ्या आन् मटणाचा रस्सा खातो, मीच वाढते. कंबर बारीक दिसती ती कापडाच्या पट्ट्यानं, दोघं मिळून आवळत्यात. आन् सोमवारी त्याचा शंकराचा उपास असतोय.

वकिलाची सून म्हणाली, "तू भाकऱ्या थापणारी. तुला काय कळतंय त्यातलं?"

कंपनीच्या मॅनेजरनं आधीच बजावलेलं. हितलं बाहेर बोललात तर काम गेलं म्हणून समजा.

तरी दुसऱ्या दिवशी भर दुपारी आज्जी त्या सुनेला, कडेवरच्या पोरासकट, मागच्या दारानं कंपनीच्या सैपाकघरात घेऊन गेली.

नट पाटावर बसलेला. दाढीचं खुंट वाढलेलं. हातात मटणाची नळी.

बाईला बघून त्याचा घास तोंडातच ऱ्हायला. मग त्यानं पोराकडं बघितलं. रडायला बी ताकद नव्हती त्याच्यात.

त्यानं नळी ताटात ठेवली. म्हणाला, "बाई, मला कुणाला पाजायचं नसतं. तुम्ही जेवा."

आज्जीनं तिथंच तिला बसवून भाकरी, डाळ आन् तूप वाढलं.

त्याच संध्याकाळी सासू-सुना दोघींचं काम गेलं. सासू आठ दिवस टोमणे मारत हुती, गावाची पोरं जगीव तू, आपली चूल मी बघते.

मी ईचारलं, आज्जी, वाईट न्हाय वाटलं?

"काम दुसरं मिळालं गं. त्या बाईला पोरगं दुसरं कुठलं मिळालं असतं?"

मग माज्यापुढं ताट ठेवलं. भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी, वर दूध. मी खाऊस्तवर जागची हलली न्हाय.

रोज बसायची. म्हयनाभर.

दूध काय एका दिवसात आलं न्हाय. मी रोज भ्यायची. पण म्हयन्यानं नर्सबाईनं काटा बघितला आन् हसली. घरी येऊन मी आज्जीचे पाय धरले, तर म्हणाली, जेवलीस का आधी?

अशी बाई आमच्या घरात हुती. लोकं नटनट्यांचे फोटो लावत्यात. माज्या डीपीला कालपतूर लेक हुती, आज आज्जी हाय.

आज घरात चूल पेटली न्हाय. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून दिली. कुणी हात लावंना. तेवढ्यात लेक उठली, भुकेली.

मी सगळ्यांच्या पुढं ताट वडलं आन् दोन भाकऱ्या खाल्ल्या.

एक पाव्हणी हळूच म्हणाली, अगं, आज तरी.

माजी सासू रडत हुती. तशीच म्हणाली, "खाऊ द्या तिला. ती त्यांचीच नातसून हाय."

आज्जी, निवांत जा. लेक पिऊन झोपली हाय.