पार्सलचं इंजिन

वहिनींनी शर्यतीचा शेवटचा थांबा कधी पाहिलाच नव्हता. रॅलीतली सगळी मंडळी त्यांना वहिनीच म्हणायची, म्हणून आपणही तेच म्हणू. आणि नवऱ्याला त्या ज्या हाकेने बोलवायच्या, तीच हाक इथे नाव म्हणून वापरू: अहो. या अहोंकडे मामाकडून आलेली एक जुनी स्पोर्ट्स कार होती. दोनच माणसांची, बसकी, लांब नाकाची, एके काळी लाल. जुन्या गाड्यांच्या रॅलीत हे जोडपं दर वर्षी उतरायचं. अहो गाडी चालवायचे आणि वहिनी शेजारी बसून, मांडीवर मार्गाची वही नि गळ्यात घड्याळ घेऊन, वळणं सांगायच्या. ही रॅली सुसाट पळायची नव्हे. प्रत्येक थांब्यावर नेमून दिलेल्या वेळी पोचायचं आणि शेवटचा थांबा बंद व्हायच्या आत गाठायचा, एवढंच. पण तेवढंही कधी झालं नाही. दर वर्षी वाटेत कुठेतरी गाडी अंग टाकायची आणि कुणाच्या तरी जीपमागे दोरीला बांधून घरी यायची. वहीची पहिली पानं बोटांनी मळलेली आणि शेवटची कोरी करकरीत, हे दर वर्षीचं.

वहिनी पार्सल ऑफिसात कामाला होत्या. कुठली व्हॅन कुठल्या रस्त्याने धाडायची हे त्या ठरवायच्या, आणि एखादा ड्रायव्हर रजेवर गेला तर स्वतःच व्हॅन घेऊन निघायच्या. म्हणजे गाडी चालवता येत नव्हती अशातला भाग नाही. पण ही लाल गाडी त्यांच्या हाती कधी लागली नाही. तिला चालू करायचंच मुळी एक शास्त्र होतं. आधी चोक ओढायचा, मग ॲक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबायचा, तिसऱ्यांदा अर्धा, मग थांबून कानोसा घ्यायचा आणि मगच चावी.

"तुला नाही जमायचं," अहो म्हणायचे. "हिचा स्वभाव वेगळा आहे."

गाडीच्या स्वभावाची एवढी कदर करणाऱ्या माणसाने बायकोच्या बाजूचं दार तरी नीट करावं की नाही? त्या दाराचं हँडल नुसतं ओढून उघडायचं नाही, वर उचलून ओढावं लागायचं. सांगून सांगून वहिनींचं तोंड दुखलं. "आधी इंजिन होऊ दे," हे उत्तर ठरलेलं.

आणि इंजिन काही होत नव्हतं. सहा सिलिंडरचं ते धूड तेल प्यायचं, तापायचं, रुसायचं, आणि शेवटी एकदा त्याच्या ब्लॉकलाच तडा गेला. ते बनवणारा कारखाना बंद होऊन जमाना झाला होता. ज्यांच्याकडे सुटे भाग शिल्लक होते, ते सोन्याच्या भावाने विकत होते. तिकडे पार्सल ऑफिसची एक व्हॅन मागून ठोकली जाऊन भंगारात निघाली. मागचा चेंदामेंदा, पण पुढचं इंजिन धडधाकट. वहिनींनी कुणाला न विचारता ते स्वस्तात घेऊन टाकलं आणि रात्री जेवताना सांगितलं.

"व्हॅनचं? आपल्या गाडीत?" अहोंचा घास हातातच राहिला. "उद्या म्हणशील, घोड्याला गाढवाचं काळीज बसव."

"गाढव पोचतं तरी," वहिनी म्हणाल्या.

रॅलीच्या नियमात सांगाडा जुना हवा होता, इंजिन कुठलंही चालत होतं. तो नियम अहोंना पाठ होता, म्हणून तर त्यांना काही बोलता येईना. दोन दिवस ते घरात पाहुण्यासारखे वावरले आणि तिसऱ्या दिवशी गाडी मेस्त्रींच्या गॅरेजात गेली.

मेस्त्री गुणी माणूस होते, पण घाईचे वैरी होते. त्यात अहो रोज संध्याकाळी आपलं दुकान बंद करून तिथे हजर. मेस्त्री एक बोल्ट लावत आणि अहो त्यावर दोन शंका काढत. जुना गिअरबॉक्स आणि नवं इंजिन यांच्यामध्ये बसवायची लोखंडी प्लेट एकदा चुकीची कापली गेली. इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं चेंबर पुढच्या आडव्या दांड्यावर टेकायला लागलं, म्हणून ते कापून, उथळ करून पुन्हा वेल्ड केलं. मग ते गळायला लागलं, म्हणून पुन्हा वेल्ड केलं. हे सगळं निस्तरलं आणि बॉनेट मिटायला घेतलं, तर ते मिटेना. उंची मोजली होती अहोंनी, स्वतः, आणि मोजताना एअर फिल्टर काढून बाजूला ठेवला होता.

"बॉनेटला भोक पाडावं लागेल," मेस्त्री म्हणाले.

"मामाच्या गाडीला भोक नाही पडणार."

"मग मामांना विचारा, फिल्टर कुठे ठेवू."

तीन आठवडे या एका भोकावरून बोलणी अडली होती. वहिनी ऑफिसातून येताना गॅरेजात डोकावायच्या, तर मेस्त्री चहा पीत बसलेले, अहो बॉनेटवरून हात फिरवत उभे आणि गाडी होती तिथेच. त्यांचं डोकं भणभणायचं. घरी येऊन त्या भांडी आदळायच्या आणि वर, "काय झालं?" असं विचारणारेही अहोच. शेवटी एका शनिवारी त्यांनी स्वतः खडू घेतला, बॉनेटवर गोल काढला आणि मेस्त्रींना म्हणाल्या, "कापा." अहो दुकानात होते. त्या भोकावर मेस्त्रींनी पत्र्याचा फुगवटा ठोकून बसवला. दिसायला पालथं पातेलं, पण बॉनेट मिटलं.

अहो आठ दिवस गॅरेजाची पायरी चढले नाहीत. वहिनींना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा अहोंनी सवयीने चोक ओढला, पाय दोनदा दाबला, कानोसा घेतला, आणि मेस्त्री मागून म्हणाले, "साहेब, नुसती चावी फिरवा." चावी अर्धी फिरली नाही तोच इंजिन चालू. वहिनींना हसू फुटलं. अहोंना नाही. ते इंजिनाकडे असे बघत राहिले, जणू घरात कुणी न विचारता आलंय.

रॅलीच्या सकाळी गाडी घड्याळासारखी धावली. पहिला थांबा वेळेवर, दुसरा वेळेवर. वहिनी पानं उलटत होत्या आणि आतून हरखून जात होत्या, कारण ज्याच्या पुढे गाडी कधी गेलीच नव्हती तो पूल मागे पडला होता. पुढची पानं नवी होती. तेवढ्यात अहोंनी गाडी कडेला घेतली.

"आवाज ऐकलास?"

"कसला आवाज?"

"खडखड होतीये."

"ती माझ्या पायाशी पाण्याची बाटली आहे."

पण ते उतरलेसुद्धा. बॉनेट वर, बाह्या वर. मागून येणाऱ्या एका गाडीने हळू होऊन विचारलं, काय साहेब, मदत हवी? "नाही नाही, जरा बघतोय," अहो म्हणाले. ते खुशीत होते, आणि ते वहिनींनी काचेतून पाहिलं. काही सापडलं नाही. पुढे निघाले, आणि तिसऱ्या थांब्याआधी पुन्हा थांबले. या वेळी वास येत होता. वास रस्त्यावरच्या ताज्या डांबराचा होता.

"अहो, चला ना. आजच्या दिवस चला."

"इंजिन जळलं तर तू भरून देणार आहेस?"

तिसऱ्यांदा घाटाच्या पायथ्याशी थांबले तेव्हा मात्र त्यांनी पाने काढले, एकेक प्लग सोडवला, पुसला, उन्हात धरून न्याहाळला, फुंकला आणि पुन्हा लावला. भोवती गुरं राखणारी दोन माणसं जमली. अहो त्यांना समजावून सांगत होते, स्पार्क कसा पडतो, मिश्रण कसं लागतं. वहिनी गाडीत बसून घड्याळाचा काटा बघत होत्या. रडू यायला हवं होतं, पण आला तो राग, आणि रागातच त्यांना एवढ्या वर्षांचं कोडं सुटलं. नाचायचंच नाही, म्हणून अंगण वाकडं. यांना पोचायचंच नव्हतं. यांना हे हवं होतं, हे बॉनेट, ही माणसं, हे काळे हात. जुनं इंजिन बिचारं बंद पडून यांची हौस पुरवत होतं. आता पडत नाही, तर हे त्याला पाडायला निघालेत.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"अगं, दोन मिनिटं."

शेवटच्या थांब्यावर पोचले तेव्हा कापडी फलक उतरवून त्याची घडी चालली होती. वेळ नोंदवणारे म्हातारे गृहस्थ खुर्च्या एकात एक घालत होते. वहिनींनी तो थांबा पहिल्यांदाच पाहिला. एक टेबल, दोन खांब, चहाचे रिकामे पेले. एवढंच होतं. तरीही त्या एका खांबाला हात लावून आल्या.

"अरेरे, थोडक्यात हुकलं हो," म्हातारे म्हणाले. "काय वहिनी, यंदाही इंजिन?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. बाकीची चालक मंडळीही गोळा झाली होती. अहोंनी बॉनेटवरच्या पातेल्यावर थाप मारली आणि मान हलवली.

"काय करणार? पार्सलचं इंजिन. स्वस्तातलं. दिला दगा शेवटी."

सगळे हळहळले. एकाने दोरी हवी का विचारलं.

वहिनी गाडीला वळसा घालून चालकाच्या दारापाशी गेल्या, आत बसल्या आणि चावी फिरवली. चोक नाही, कानोसा नाही. अर्ध्या फेऱ्यात इंजिन चालू झालं आणि मऊ, एकसारखं चालत राहिलं. सगळ्यांनी ऐकलं. दोरीवाल्याने दोरी खाली ठेवली. अहोंच्या काळ्या हातांकडे कुणीच बघेना.

"बसा," वहिनी म्हणाल्या.

"तिकडून?"

"तिकडून."

अहो वळसा घालून आले. त्यांनी हँडल ओढलं. दार उघडेना. पुन्हा ओढलं, हिसडा दिला, वाकून फटीत बघितलं. लोक पाहत होते.

"वर उचला, मग ओढा," वहिनी आतून म्हणाल्या.

दार उघडलं. अहो बसले, मार्गाची वही त्यांच्या मांडीवर आली. गाडी रस्त्याला लागल्यावर बराच वेळ ते त्या दारावर हात ठेवून होते.

"हे असं कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी गिअर बदलला.