मावशी, हसू नका

घोलवडहून बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या वाडीच्या फाटकाशी, आई चिकू घेऊन बसायची. बसायची तिला काहीएक गरज नव्हती. वाडीतला माल व्यापाऱ्याकडे जायचा आणि तिथून ट्रकने नाहीतर रेल्वेने पुढे. लांबच्या प्रवासात टिकणार नाहीत असे पिकले चिकू तेवढे मागे उरायचे. ते टोपलीत घालून ती रस्त्यावर यायची, कारण तिला घासाघीस करायला आवडायचं.

दुसरं कारण नव्हतं. मुंबईच्या गिऱ्हाइकाशी मराठीत, उंबरगावच्या बायकांशी गुजरातीत, ती मनसोक्त भांडायची. "मावशी, एवढ्यात तर आमच्याकडे दुप्पट येतात," कुणी म्हटलं की ही म्हणायची, "मग तिकडेच घ्यायचे होते. इथपर्यंत पेट्रोल कशाला जाळलंत?" गिऱ्हाईक तणतणत गाडीत बसलं, दार लावलं, की मग हाक मारायची. न बोलता पैसे देऊन गेलेल्या माणसाचा तिला मनापासून राग यायचा. असल्या दिवशी ती जेवतानाही कुरकुरायची.

इंटरनेट जवळजवळ फुकट झालं त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवार-रविवारी आमच्या रस्त्यावर फोन उगारलेली माणसं दिसायला लागली. कुणीतरी कुठल्याशा ॲपवर आमच्या गावाला 'अनएक्सप्लोर्ड' म्हटलं होतं. रोज ट्रक भरून चिकू बाहेर जातात ते गाव अनएक्सप्लोर्ड! चिकूच्या फांदीला लोंबकळून फोटो काढायचे, फांदी मोडायची आणि खाली लिहायचं, निसर्गाच्या कुशीत. निसर्ग कसला? वडिलांनी लावलेलं कलम ते.

त्यातलाच एक दाढीवाला तरुण मोठा कॅमेरा घेऊन आईसमोर उकिडवा बसला. मी फाटकातच उभी होते. कॅमेरा पाहून आई हसली, जशी ती नेहमी हसते, तोंडभर. त्याने कॅमेरा खाली घेतला आणि म्हणाला, "मावशी, हसू नका. जरा नॅचरल वाटू द्या."

आता या माणसाला काय म्हणावं? हसणं हाच जिचा स्वभाव, तिला नॅचरल दिसण्यासाठी हसायची बंदी. आईने बिचारीने हसू आवरलं. तेवढ्यात बस येते का बघायला तिने कपाळावर आडवा हात धरला, दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून. अंगावर तिचं सगळ्यात जुनं लुगडं होतं. चिकूच्या चिकाचे डाग कशानेही जात नाहीत, त्यामुळे आमच्याकडे कितीही एकरांची मालकीण असली तरी चिकू हाताळताना विटकंच नेसते. त्या तरुणाने फोटो काढला, आभार मानले आणि एकही चिकू न घेता गेला.

मे महिन्यात तो फोटो परत आला. नातेवाइकांच्या ग्रुपवर, एक गुलाबाचं फूल आणि एक तेवती समई यांच्या मधोमध. खाली लिहिलं होतं की या माउलीची चारही मुलं परदेशात आहेत, तिला त्यांनी रस्त्यावर टाकलंय, ज्याच्या काळजात आई आहे तोच हे पुढे पाठवेल. पाठवणारी होती माझी सख्खी आत्या. सरावलीला दिलेली. दर दिवाळीला आईच्या हातचं जेवून जाणारी.

मी तिला फोन केला. "आत्या, फोटो नीट बघितलास का?"

"बघितला की. वहिनी आहे ती, कळलं मला."

"मग?"

"मग काय? एवढे लोक पाठवतायत म्हटल्यावर... खरं सांग, तुमच्यात काही झालंय का?"

"अगं, चार मुलं कुठली? आम्ही दोघंच. मी याच घरात राहते, दादा वापीला कंपनीत आहे, दर शनिवारी येतो. तुला माहीत नाही?"

"तेच म्हणते मी," आत्या म्हणाली, "लिहिणाऱ्याला नीट माहिती नसेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ग्रुपवर लिहिलं, ही माझी आई आहे, ती माझ्यासमोर बसून बोंबील साफ करतेय, हे सगळं खोटं आहे. त्यावर तीन अंगठे, दोन जोडलेले हात आणि एक 'सुप्रभात' आलं. मग फोटो जिथे जिथे दिसेल तिथे जाऊन खाली लिहायला लागले. एका ठिकाणी कुणी अनोळखी माणसाने उत्तर दिलं, "तूच का ती मुलगी? लाज वाटत नाही?" त्याच्या त्या वाक्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी पसंती दिली. भांडायला समोर माणूस लागतो हो! इथे सगळे नुसते पुढे पाठवत होते. जाब विचारावा तर प्रत्येकाला ते दुसऱ्याकडून आलेलं, आणि पुढे ढकललं की झाली आईची सेवा. त्यातल्या किती जणांनी त्या दिवशी स्वतःच्या आईला फोन केला असेल, देव जाणे.

आणि मग माणसंच यायला लागली. गाडी थांबायची, काच खाली व्हायची, आतली बाई फोनकडे आणि आईकडे आळीपाळीने बघायची. उतरायची, आई सांगेल तो भाव मुकाट द्यायची, सुटे परत घ्यायची नाही आणि डोळे पुसत सेल्फी काढायची. आईने मुद्दाम अवाच्या सवा भाव सांगून पाहिला. तोही दिला. एकदा तर टेम्पोतून एक मंडळ आलं, बॅनर घेऊन. भर मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, त्यांनी आईच्या खांद्यावर ब्लँकेट घातलं. "बा, फोटा माटे जरा आ बाजु जुओ," त्यांचा पुढारी कॅमेऱ्याकडे बोट दाखवत म्हणाला. आईने ब्लँकेट काढून त्याच्या हातात दिलं. "मारे नथी जोईतुं." त्यांनी ते कुंपणावर टाकलं आणि फोटो काढूनच गेले. गंजाडहून आमच्याकडे तोडणीला येणाऱ्या बाया हसून बेजार झाल्या. "मावशे, आमचा पण फोटू काढायला सांग ना, ब्लँकेट थंडीला होल."

आई हसली नाही. दोन दिवसांनी तिने टोपली माळ्यावर टाकली.

"भाव कोण करतच नाय," ती म्हणाली. "तोंडाकडे बघतात नि पैसे ठेवतात. भीक घेतल्यावानी वाटते, बाय."

दादाला त्याच्या खात्यातल्याच एकाने जेवणाच्या सुट्टीत तो फोटो दाखवला आणि म्हणाला, बघ, कसली कसली मुलं असतात. दादा शनिवारी आला तेव्हा हे सांगून खूप हसला. आई शांतपणे त्याला वाढत होती. सोमवारी सकाळी तो निघाला. एरवी त्याला निरोप म्हणजे आतूनच ओरडा असायचा, "जा लवकर, गाडी जाईल, नि डबा परत आण." त्या दिवशी ती हात पुसत फाटकापर्यंत आली.

"शनिवारी येशील ना रे?"

वडील गेल्यापासून एक शनिवार त्याने चुकवला असेल तर शपथ. "न येऊन जातो कुठे?" तो म्हणाला आणि चपलेचा पट्टा नीट असताना तो नीट करत बसला. मी आत गेले आणि भांडी आपटली. इतका राग मला तोपर्यंत कुणाचाच आला नव्हता. ज्यांनी तिला कधी पाहिलं नाही त्यांनी तिच्या मनात हे घातलं होतं. हजार लोक एकच गोष्ट बोलायला लागले की जिच्याबद्दल बोलतात तीसुद्धा थोडी बिचकते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पुढच्या हिवाळ्यात फोटो पुन्हा आला. या वेळी बाजूला मेणबत्ती. ती माउली काल गेली, मुलं अंत्यविधीलाही आली नाहीत, तिच्या आत्म्याला शांती मिळण्यासाठी पुढे पाठवा. आत्याने या खेपेला पाठवलं नाही, एवढी तिची मेहेरबानी. मी फोन गादीवर फेकला.

"काय झालं गो?" आईने विचारलं. तिने फोन उचलला, चष्मा लावला आणि सावकाश सगळं वाचलं.

"मेले मी?"

"काल म्हणे."

ती हसायला लागली. इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, "बरं झालं. मेलेल्या बाईला कोण ओळखतंय? टोपली काढ ती."

दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी बसली. दुपारी उंबरगावकडची एक ठसकेबाज बाई उतरली, चिकू दाबून पाहिले, नाक मुरडलं आणि आईने सांगितला त्याच्या निम्मा भाव बोलली. पाऊण तास दोघी गुजरातीत एकमेकींचा उद्धार करत होत्या. बाई दोनदा गाडीत बसली, दोनदा उतरली. आई त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवली.

शनिवारी दादा आला तेव्हा तिने ते भांडण त्याला दोन्ही बायकांच्या आवाजात करून दाखवलं. मला वाटलं, चला, सुटलो. सोमवारी सकाळी त्याने डबा पिशवीत घातला. आई हात पुसत त्याच्या मागून फाटकापर्यंत गेली.

"शनिवारी येशील ना रे?"

तो हो म्हणाला. आता तो दर सोमवारी हो म्हणतो, आणि तिला ते दर सोमवारी ऐकावं लागतं.